कागदावरची दोन वर्षं

बोलायच्या आधी तो अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळायचा, हातात काही नसलं तरी. आमच्या साखर कारखान्यात रस आटवायच्या पॅनवर जन्म गेला त्याचा. चिमटीत पाक चोळायचा आणि म्हणायचा, "थांबा तात्या, दाणा कच्चा हाय." सोयरीक जुळवायला नेला तर तिथंही हेच. असा एखादा गडी तुमच्याही कामावर असंल.

कारखान्यात त्याला मीच चिकटवला. माझ्याच गावचा, लासुर्ण्याचा. वय सोळा, लागत होतं अठरा. मी म्हणालो, "काजळानं मिशी काढ." काढली. साहेबापुढं घामानं ती हनुवटीवर आली. साहेब हसला. मी छाती ठोकून सांगितलं, "अठरा पुरी हायती. माझ्या डोळ्यांदेखत जन्मलाय." तसं लिहिलं गेलं.

ती दोन वर्षं म्हातारपणी आडवी आली. निवृत्तीची नोटीस घेऊन तो माझ्याकडं आला. "कागदावर साठ झाली, तात्या. खरा मी अठ्ठावन्नचा. दोन वर्षं अजून माझ्या हक्काची हायती." शाळेचा दाखलाही त्यानं काढला. साहेब लोक म्हणाले, दाखला ठीक, पण त्या वेळी वय ज्यानं सांगितलं तो माणूस आणा. खोटं बोललो म्हणून कबूल करू दे.

मी व्हय म्हणालो होतो. पण सुनावणीच्या दिवशी बायको बारामतीत दवाखान्यात, नाकात नळी. त्याचाच फोन आला, "वहिनीपाशी बसा. हितलं मी बघतो."

मी बसून राहिलो. त्याचा अर्ज फेटाळला. तिसऱ्या दिवशी ही गेली.

सावडायला तो आला. मी म्हणालो, "तुझं वाटोळं मीच केलं." त्यानं राख चिमटीत घेतली, सवयीनं चोळली आणि एकदम ओशाळला. हळूच मडक्यात सोडली. "तुमी लावलं म्हणून तर जगलो की," एवढंच बोलला.

आता त्याच पॅनवर तोच उभा असतो, ठेकेदाराचा माणूस म्हणून. दाणा ओळखणारा दुसरा न्हाय, म्हणून परत बोलावला. कायम होता तेव्हा गुरुवारची सुट्टी माझ्या ओट्यावर काढायचा, ही चहा करायची. ठेकेदाराकडं सुट्टी न्हाय. फोन केला की म्हणतो, "हंगाम उरकू द्या, तात्या. येतो."

चहा आता मीच करतो. साखर कधी जास्त पडते, कधी घालायचीच राहते. डब्यातली चिमूट बोटावर चोळून बघतो. दाणा चांगला हाय. त्याच्याच हातचा असंल.