अर्ध्या गोंदणाचा ताविता

ताविता लेआवासा सामोआचा. पॅसिफिक महासागरातली ही बेटं, त्यांतला पूर्वेकडचा भाग अमेरिकेचा. म्हणून त्याला इथे अमेरिकेत यायला व्हिसा लागला नाही. पिस्कॅटवेच्या गोदामात तो माझ्या शेजारच्या डॉकवर, म्हणजे ट्रक लागतात त्या दारावर, ट्रेलर भरायचा.

मी आयुष्यभर माल उचलला, आधी तुर्भ्याच्या मार्केटात, मग इथे. उचलणारी माणसं पुष्कळ पाहिली. बहुतेक जण पाठीने उचलतात आणि चाळिशीत संपतात. ताविता पायांनी उचलायचा. पन्नाशीकडे झुकला होता, दोन्ही गुडघे गेले होते, तरी खोका छातीशी घेतला की तो कुठे जाणार हे त्याचं आधीच ठरलेलं असे. एकदा ठेवलेला खोका पुन्हा हलवत नसे. शिफ्ट संपली तरी ट्रेलर अर्धा टाकून घरी जात नसे.

निम्मी शिफ्ट आपल्याकडची, सगळे मला काका म्हणत, म्हणून तोही काका म्हणू लागला.

"आधी काय करायचास?" मी एकदा विचारलं.

"लोकांना धडकायचो."

"त्याचा पगार मिळतो?"

"बरा मिळायचा. इथले खोके उलटून मारत नाहीत, म्हणून इथे कमी."

तो रग्बी लीगचा व्यावसायिक खेळाडू होता. तेरा-तेरा जणांचा खेळ. चेंडू छातीशी धरून पळायचं, समोरचे पाडतात, उठायचं, चेंडू पायाने मागे सारायचा, मग मागचा गडी तेच करतो. सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्यांचा. कडेने पळत जाऊन गुण मिळवणारे वेगळे. फोटो त्यांचे येतात. ताविता पुढच्या फळीतला. माणसांच्या भिंतीत घुसून चार पावलं जागा मिळवायची आणि उठायचं, एवढंच त्याचं काम. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या फोनवर मी जुने सामने पाहिले. तो खेळ मला समजावून सांगावा लागला नाही. ती हमाली होती.

उन्हाळ्यात गोदामात भट्टी पेटते. सगळे हाफ पँटमध्ये, हा एकटा जाड लांब पँटमध्ये. आमची सुपरवायझर सुवर्णा, नागपूरची, त्याला सोडायची नाही.

"अरे यार ताविता, शंभर डिग्री झालंय. तुला बघूनच मला घाम येतो. हाफ पँट घाल ना."

"मॅडम, माझे पाय बघून तुम्ही लाइन बंद पाडाल."

"आमच्या नागपुरात एवढ्या उन्हात म्हशीसुद्धा पाण्यात बसतात."

"मग माझ्यासाठी पाणी मागवा."

एका ऑगस्टमध्ये त्याचा उजवा पाय सुजून खांबासारखा झाला. मी त्याला गाडीत घालून इस्पितळात नेलं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. नर्सने कात्रीने पँट कापली तेव्हा मी प्रथम पाहिलं. डाव्या मांडीवर गुडघ्यापर्यंत दाट काळं गोंदण, पट्ट्या, त्रिकोण, बारीक रेघा, कुठे एक रेघ चुकलेली नाही. उजवी मांडी कोरी.

"या बाजूचं?" मी विचारलं.

"राहिलं," तो म्हणाला, आणि चादर ओढून घेतली.

पुढचं त्याने तुकड्यातुकड्याने सांगितलं.

त्याचा बाप पागो पागोत मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात होता, आणि घराण्याचा प्रमुखही होता. तिकडे प्रमुखाला एक नाव मिळतं. ते बापाकडून आपोआप येत नाही. घराण्यातले वडीलधारे बसून ठरवतात. ताविता सतराव्या वर्षी ऑकलंडला आत्याकडे गेला, तिथून सिडनीच्या एका क्लबात. तिसऱ्या मोसमानंतर सुट्टीत गावी आला, तेव्हा बाप म्हणाला, आता गोंदण करून घे.

तिथल्या पुरुषाचं गोंदण कमरेपासून गुडघ्यापर्यंत असतं. शाईत बुडवलेली दातेरी फणी त्वचेवर ठेवतात आणि लाकडी हातोडीने ठोकतात. आठवडेच्या आठवडे चालतं, ताप येतो. ते एकट्याने करायचं नसतं, जोडीदार लागतो. आज एक चटईवर, दुसरा शेजारी; उद्या उलट. एकमेकांचं बघायचं आणि दोघांनी संपवायचं. मधेच उठून जाणाऱ्याला तिकडे एक नाव आहे. ताविताने ते मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा उच्चारू नका म्हणाला. म्हणून इथे लिहीत नाही.

त्याचा जोडीदार चुलतभाऊ सिमी. दोघांची पाठ झाली, डाव्या मांड्या झाल्या. मग सिडनीहून फोन आला. नवा प्रशिक्षक आला होता, सराव लवकर सुरू होणार होता. सोमवारी मैदानावर दिसला नाहीस तर पुढच्या फळीत दुसरा गडी तयार आहे.

"सिमी चटईवर होता," ताविता म्हणाला. "त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी फोन घ्यायला उठलो. परत बसलोच नाही."

"सिमीने पूर्ण केलं?"

"एकट्याने. त्याच्यासाठी शेजारी माझी आई बसली."

सिडनीत ओल्या जखमांवर त्याने सराव केला. मांडी पिकली. क्लबचा डॉक्टर त्याच्यावर ओरडला, पहिले सामने हुकले, त्याच्या जागी तो दुसरा गडी खेळला. क्लबने मात्र त्याचा फोटो काढून मोठं पोस्टर केलं, बेटांवरचा योद्धा म्हणून. तिकिटं विकायला. फोटोवाल्याने त्याला डाव्या बाजूने उभा केला आणि उजवा पाय मागे घ्यायला सांगितलं. मोसम संपल्यावर करार संपला. पोस्टर त्यानंतरही पुष्कळ दिवस स्टेडियमबाहेर होतं.

मग इंग्लंडच्या उत्तरेला, खाणी बंद पडलेल्या एका गावातला खालच्या दर्जाचा संघ. तिथे सामन्याआधी गुडघ्यात सुई मारायचे आणि म्हणायचे, आता दुखणार नाही. सामना संपेपर्यंत दुखायचं नाही. अंघोळीला तो सगळे गेल्यावर जायचा. मग अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कोणी नवी लीग काढली. शाळेच्या मैदानावर सामने, बघायला खेळाडूंच्या बायका. दुसऱ्या मोसमात लीगचा मालक फोन उचलेनासा झाला. ताविता मग गोदामात आला. एवढीच त्याची कारकीर्द. भिंतीत तो किती वेळा घुसला आणि उठला, याची नोंद कुठे नाही.

मागच्या वर्षी त्याचा बाप गेला. त्याच डिसेंबरमध्ये वडीलधारे बसून प्रमुखाचं ते नाव कोणाला द्यायचं हे ठरवणार होते. सिमीने फोन केला. नाव तुझं आहे, म्हणाला, पण अर्ध्या अंगाने तुला प्रमुखांच्या बैठकीच्या घरात बसता येणार नाही. जुना गोंदणारा वारला होता. त्याचा मुलगा ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात येणार होता. ताविताने त्याची वेळ घेतली, आणि डिसेंबरची सुट्टीही टाकली. सुवर्णाने कुरकुर करत दिली.

डॉक्टर नाही म्हणाला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, एवढ्या जखमा केल्या तर रक्त थांबणार नाही. गोळ्या बंद केल्या तर गाठ पुन्हा होईल.

मग ताविताने सिमीला विचारलं, येऊन शेजारी बसशील का? सिमीचं उत्तर त्याने मला डॉकवर उभ्या उभ्या सांगितलं.

"म्हणाला, माझ्या शेजारची जागा तेव्हा तू रिकामी केलीस. आता तुझ्या शेजारची रिकामी असू दे. पण पूर्ण करून आलास तर तुला घ्यायला मी दारात उभा राहीन."

"कडक आहे."

"बरोबर आहे," ताविता म्हणाला.

तो गेला. विमानतळावर मीच सोडला. गोळ्या घेतल्यास का विचारलं, तर म्हणाला, बॅगेत आहेत. त्या बॅगेतच राहिल्या.

पहिले काही दिवस काम चांगलं झालं. गोंदणाऱ्याने त्याला कण्हताना ऐकलं नाही. मांडी वरून खाली भरत आली. मग एके दुपारी त्याला श्वास घेता येईना. गाठ सुटून फुप्फुसात गेली होती. गोंदणाऱ्याने हातोडी खाली ठेवली आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. ताविता स्वतःला उचलू देत नव्हता, चालू दे, चालू दे म्हणत होता. ॲम्ब्युलन्सच्या दोघांनी धरून त्याला स्ट्रेचरवर घातलं.

तो वाचला. डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या आता जन्मभर, आणि सुई-फणीला अंग पुन्हा द्यायचं नाही. गोंदणाऱ्यानेही सांगितलं, मी तुझ्या अंगाला आता हात लावणार नाही.

परत आल्यावर तो माझ्या घरी आला. चहा घेतला नाही.

"किती राहिलं?" मी विचारलं.

"गुडघ्याच्या वर एक वीत. आणि पोट, ते शेवटी करतात."

"तू उठून आलास का?"

"उचलून आणला."

"मग ते उठणं नाही."

"काका, वीतभर मोकळा ट्रेलर निघाला आणि भरणारा इस्पितळात होता, तर तुम्ही तो ट्रेलर पूर्ण भरला असं म्हणाल?"

मी नाही म्हणालो. दुसरं काही बोललो असतो तर ते खोटं आहे हे त्याला कळलं असतं.

"सिमीने फोनवर एवढंच विचारलं," तो म्हणाला. "पूर्ण झालं? मी म्हणालो, नाही. मग मीच म्हणालो, नाव तू घे. त्यावर तो नको म्हणाला नाही."

"रागावला असेल."

"रडत होता. तेवढं ऐकू येतं."

दुसऱ्या सोमवारी तो कामावर आला. सुवर्णा टेबलाशी बसून डिसेंबरच्या शिफ्ट लावत होती आणि माणसं पुरत नव्हती. तो समोर उभा राहिला.

"मॅडम, माझी डिसेंबरची सुट्टी कॅन्सल करा."

"खरंच? यार ताविता, तू देवमाणूस आहेस. मला वाटलं, तू तिकडे समुद्रात डुंबत बसणार आणि मी इथे रडत बसणार. ख्रिसमसच्या आठवड्यात पण येशील?"

"येईन."

"घरचे काही म्हणणार नाहीत?"

"नाही. कुठला डॉक देता?"

तिने त्याच्या नावापुढची चिठ्ठी पाहिली. "डॉक नाही रे. तुझ्या डॉक्टरने लिहिलंय, जड काही उचलायचं नाही. तुला गेटवर घेते. स्कॅनर."

सुजलेल्या पायावरचा भार हलका करायला त्याने टेबलाची कड धरली. सुवर्णाने खणातून स्कॅनर काढून दिला. त्याच्या हातात तो खेळण्यासारखा दिसत होता. गेटवर जाऊन तो उभा राहिला, आणि दुसऱ्यांनी खोके रचलेली पॅलेट्स समोरून जाऊ लागली तशी एकेकावर लाल उजेड मारू लागला.