मिरची कांडप आणि काकूंची ना-हरकत

परवानगीशिवाय श्वास घेणंही ज्याला चोरी वाटतं असा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे आणि ते माझे साडभाऊ आहेत. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान पांढरकवड्याला राहतात. आमच्याकडे येतात तेव्हा फाटक सताड उघडं असलं तरी बाहेरून "पाहुणे, येऊ का?" असं विचारतात आणि आतून कोणी "या" म्हणेपर्यंत उन्हात उभे राहतात. एकदा आम्ही सगळे शेतात गेलो होतो. परत येऊन पाहतो तर शेजारणीनं त्यांना फाटकाबाहेर खुर्ची टाकून दिलेली. बसायची परवानगी अर्थात तिनंच दिली असावी. त्यांच्या लग्नाची गोष्ट माझी बायको अजून हसत हसत सांगते. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, बँड सुरू झाला आणि हे हातात हार धरून नवरीला विचारताहेत, "घालू का?" भर मांडवात नवरी काय बोलणार? शेवटी तिचे मामा ओरडले, "अवो घाला ना, जेवनं थंडी होऊन राह्यली!" तेव्हा कुठे हार पडला. दुसऱ्यानं मात्र त्यांना काही विचारलं की उत्तर ठरलेलं: "हो हो, खुशाल." त्यांच्या तोंडून नकार मी कधी ऐकलाच नव्हता.

ताई म्हणजे माझ्या मेहुणीबाई अगदी उलट. त्या आधी करतात आणि मग, आठवलं तर, सांगतात. शिवणकाम डोळ्यांना झेपेना तेव्हा त्यांनी घराच्या ओसरीत मिरची कांडप टाकायचं ठरवलं. घरचं भागायचं ते ताईंच्याच हातावर, त्यामुळे हे कांडप म्हणजे हौस नव्हती. मिरचीचा हंगाम उन्हाळ्यापुरता. तो हुकला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत यंत्राकडे बघत बसायचं. पण परवान्यांचं काम साडभाऊंकडे गेलं आणि घाई हा शब्द त्या घरातून हद्दपार झाला.

लोक सरकारी कचेऱ्यांना शिव्या घालतात, साडभाऊ तिथे डबा घेऊन जायचे. गुमास्ता परवाना, नगर परिषदेचं पत्र, अन्न नोंदणी, थ्री फेज मीटर, वजनकाट्यावरचा शिक्का... एकेक काम झालं की त्यांचा चेहरा पोराचं बारसं झाल्यासारखा खुलायचा. "साहेब उद्या या म्हनले," हे ते इतक्या कौतुकानं सांगत की जणू साहेबांनी जेवायलाच बोलावलंय. यंत्र यायच्या आधी सगळे परवाने काचेच्या चौकटीत भिंतीवर चढले. मग यंत्र आलं, नारळ फुटला, ताईंनी बटणाकडे हात नेला आणि साडभाऊ म्हणाले, "थांब. काकूची ना-हरकत राह्यली."

काकू म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारीण. एकट्या, म्हाताऱ्या आणि दम्यानं बेजार. साडभाऊ त्यांच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. काकूंनी आतूनच सांगितलं, "नाई म्हंजे नाई! मले फोडनीचा ठसका सोसत नाई, अन् तू घराले लागून मिरची कुटतं?"

हे परत आले आणि यंत्रावर चादर घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा नाही. नगर परिषदेतल्या बाबूनं समजावलं, "काका, सारं झालं तुमचं. शेजाऱ्याचं काही लागत नाई." यावर हे म्हणाले, "तुमाले नसन लागत. पन ठसका तर त्यायलेच येईन ना." इकडे भिवापुरी मिरची बाजारात येऊन पडलेली, बाया डबे घेऊन येऊन परत जाताहेत आणि ताईंचा संताप वाढतोय. "अवो, काकूले इचारूनच मले नांदवता का?" असं त्या एकदा माझ्यासमोर म्हणाल्या. साडभाऊंनी या प्रश्नावर खरोखरच थोडा विचार केला.

शेवटी काकूच कंटाळल्या. रोज सकाळी फाटकाशी उभा राहणारा, न भांडणारा माणूस सहन करणं दम्यापेक्षा अवघड असावं. त्या म्हणाल्या, "दुपारी मी पोरीकडे जातो, तवा चालव. मी आली का बंद." आणि पांढरकवड्यातलं सर्व परवान्यांनी सज्ज असं मिरची कांडप काकूंच्या वेळापत्रकावर सुरू झालं. गिऱ्हाईक बाया डबे घेऊन लिंबाखाली बसत आणि काकूंच्या दाराकडे बघत. काकूंनाही आपलं वजन कळलेलं. छत्री घेऊन ऐटीत निघत, कोपऱ्यावरून चष्म्यासाठी परत येत, पुन्हा निघत. निघताना साडभाऊ विचारत, "काकू, सुरू करू का?" आणि त्या म्हणत, "कर बाप्पा." तेवढ्या वेळात ताई एवढी मिरची कुटायच्या की घर निवांत चालू लागलं.

पुढे काकूंची तब्येत ढासळली. मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला आणि घराला कुलूप लागलं. ताई म्हणाल्या, "आता दिवसभर चालवू." साडभाऊंनी रोज सकाळी नागपूरला फोन लावायला सुरुवात केली. काकू आधी खोकत, मग म्हणत, "इथवर ठसका आला रे तुह्या मिरचीचा. कर सुरू."

गेल्या उन्हाळ्यात मी आमची मिरची घेऊन गेलो होतो. माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला. तो काकूंच्या मुलानं उचलला. साडभाऊ नुसतं "कधी?" म्हणाले आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग फोन ठेवून ते काकूंच्या कुलूपबंद फाटकाशी जाऊन उभे राहिले.

ताई त्यांच्याजवळ गेल्या. म्हणाल्या, "अवो, इतक्या वर्सात काकू कधी नाई म्हनल्या का?"

"पयले तर नाईच म्हनल्या होत्या," साडभाऊ म्हणाले.

दुरून आलेल्या बाया लिंबाखाली खोळंबल्या होत्या. थोड्या वेळानं ताईंनी परत येऊन बटण दाबलं. तिखट वास ओसरीतून निघून शेजारच्या बंद घरावर गेला. आम्ही सगळे शिंकलो. साडभाऊ मात्र त्या घराकडे कान लावून उभे होते. आतून खोकला आला नाही. मला त्या वेळी फार वाईट वाटलं.

आमची मिरची झाली तरी ते तिथेच होते. मी डबा उचलला, जवळ गेलो आणि विचारलं, "भाऊ, निघू का?"

"नाई," ते म्हणाले. "बसा थोडं."