कपाळाला लावलेला कागद

नोकरीतल्या कितीतरी केसेस विसरलो, पण जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फची ती एक काही केल्या विसरता येत नाही. दोन हजारच्या दशकात मी प्रशिक्षणासाठी तिथल्या पोलिसांकडे होतो.

तिथल्या एका संग्रहालयातून ब्रिटिश चित्रकाराचं पेन्सिलचं रेखाटन गायब झालं. मोठ्या चित्राआधी केलेला सराव होता तो: वाकून काहीतरी उचलणारी बाई, तिचा हात तीनदा काढून पाहिलेला. पहारेकऱ्याने खबर दिली की, आदल्या दिवशी तिथे काम करणारी संशोधक मुलगी रडत बाहेर पडली. मुलगी पुण्याची, नुकतंच लग्न झालेली. चौकशीत ती तोंडच उघडेना. चोरीचा गुन्हा दाखल झाला असता, तर पीएचडी आणि व्हिसा दोन्ही गेलं असतं. मराठीत तरी बोलेल, या आशेने तपास अधिकाऱ्याने मला बोलावलं.

"काका, मी चोर नाही," एवढंच ती म्हणाली. घरझडतीत काही मिळालं नव्हतं. मी पाहिलेले चोर दाराकडे बघत बसतात. हिची नजर जमिनीवर खिळलेली. मला तिची फार दया आली.

तेवढ्यात जबाबाचा कागद टेबलावरून घसरला आणि माझा बूट त्याला लागला. सवयीने मी तो उचलून कपाळाला लावला. पोरगी हमसाहमशी रडायला लागली.

"काका, मीपण हेच केलं हो! चित्र हातातून पडलं, पाय लागला... आणि सकाळी चैत्रगौरीची पूजा करून आले होते. कपाळावर ओलं कुंकू!"

चित्रावर उमटलेला डाग पाहून घाबरलेल्या पोरीने ते तिथल्याच, चित्रं ठेवायच्या दुसऱ्या पेटीत सरकवलं होतं. उद्या सांगू म्हणाली, तर आधी पोलीसच दारात.

पेटीत चित्र सापडलं. संग्रहालयाच्या विभागप्रमुख बाई मोठ्या कडक. "कपाळालाच का?" त्यांनी विचारलं.

"विद्येला पाय लागला, म्हणून माफी मागितली," मुलगी कशीबशी म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. "गेनाऊ, अगदी बरोबर. आम्हीही हात धुतल्याशिवाय या कागदांना शिवत नाही. पण पुढच्या वेळी लपवायचं नाही, आधी मला सांगायचं." त्यांनी तक्रार मागे घेतली.

तेव्हापासून ठाण्यात कुणी गप्प बसलं, की "कुठे लपवलंस?" याच्या आधी मी "काय झालं, बाळ?" असं विचारत आलो. बरीच कुलपं त्यानेच उघडली.

पुढे मुलीचा फोन आला. डाग पुसट झाला होता, पूर्ण गेला नव्हता. आणखी घासलं तर पेन्सिलची रेघ जाईल, तेव्हा राहू दे तो तिथेच, असं बाईंनीच सांगितलं होतं.