एस. राठोड, एकूण अकरा जणी

१८ नोव्हेंबर २००९. त्या सकाळी माझ्यापुढे एकच काम होतं. शोभा राठोडच्या प्रबंधाची संदर्भसूची छापायची, गाईड सरांची सही घ्यायची आणि बाइंडरकडे पाठवायची. विद्यापीठात प्रबंध शुक्रवारी दुपारपर्यंत पोचायला हवा होता. शुक्रवारीच शोभाच्या नोंदणीची मुदत संपत होती. ती चुकली की नवीन नोंदणी, नवीन फॉर्म, आणि पाच वर्षांचं काम पुन्हा पहिल्या पायरीवर.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. प्रबंध लिहिणं माझं काम नव्हतं. पण त्याच्या शेवटी जी यादी असते, म्हणजे लेखकाने कोणती पुस्तकं, लेख, मुलाखती वापरल्या त्याची, ती नीट लावून देणं हे मी अंगावर घेतलं होतं. या यादीचे नियम फार. आडनाव आधी, मग नावाचं पहिलं अक्षर, मग कंसात वर्ष, मग शीर्षक. एक स्वल्पविराम चुकला तरी परीक्षक पान परत पाठवतात. हे सगळं हाताने करण्यात माझी दहा वर्षं गेली होती. मग नागपूरला ट्रेनिंग झालं आणि मी एक फुकट सॉफ्टवेअर घेऊन आले. त्यात प्रत्येक नोंद एकदा भरायची. पुढचं सगळं ते करतं. अकारविल्हे लावतं, कंस घालतं, एकाच लेखकाची दुसरी नोंद आली तर नावाऐवजी रेघ ओढतं.

मी खूश होते. प्राचार्यांनी गुरुवारी सकाळी सगळ्या स्टाफला डेमो द्यायला सांगितलं होतं.

अकरा वाजता वानखडे सर आले. हे शोभाचे गाईड. उंच, सडसडीत, शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल आधी उघडायचे. शोभा त्यांच्या मागोमाग आली. ती महागाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरची, आता तिथल्याच ज्युनिअर कॉलेजात शिकवायची. पहाटेच्या एस.टी.ने आली होती.

सरांनी यादी हातात घेतली. पहिली चार पानं भराभर उलटली. पाचव्यावर थांबले.

"काहून हो शोभाताई, तुम्ही सोताचीच मुलाखत घेतली काय?"

"नाही सर."

"मंग हे काय? राठोड, एस., तुमचा लेख. त्याच्याखाली रेघ, मुलाखत. म्हणजे लेखही तुमचा आन् मुलाखतही तुमचीच. आन् बाकीच्या बाया कुठं गेल्या? एकतीस होत्या ना?"

मी यादी ओढून घेतली. मोजल्या. मुलाखती नऊ होत्या.

घोटाळा कसा झाला ते मला दोन मिनिटांत कळलं, आणि तो माझाच होता.

तांड्यावर बहुतेक एकच आडनाव असतं. शोभाच्या तांड्यावर सगळे राठोड. तिने ज्या एकतीस बायकांच्या मुलाखती घेतल्या त्या सगळ्या राठोड. नोंदी भरताना तिने मला विचारलं होतं, "मॅडम, पूर्ण नाव टाकू का?" मी म्हटलं होतं, "कशाला? ते तसंही पहिलंच अक्षर घेतं. वेळ वाचव." मग शांता, सीता, सेवंता, सोनकी, सकरी या सगळ्या एस. राठोड झाल्या. एकूण अकरा जणी. सगळ्यांचं वर्ष एक, शीर्षक एक: कापूस वेचणीवरील मुलाखत. शेवटी सॉफ्टवेअरने विचारलं, सारख्या दिसणाऱ्या नोंदी सापडल्या आहेत, एकत्र करू का? पुस्तकं दोनदा भरली जातात, त्यासाठी ही सोय असते. मी 'हो' दाबलं. यादी आटोपशीर झाली म्हणून मला बरंही वाटलं होतं.

"आधीची फाइल?" सरांनी विचारलं.

पेन ड्राइव्हवर मी त्याच फाइलवर पुन्हा सेव्ह केलं होतं. तसं सांगितलं. सरांनी लाल पेनाचं टोपण लावलं. हे रागाचं लक्षण होतं.

 शोभा म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे दिल्लीपासून लोक येऊन गेले. कापसाचं काय झालं, कापसाचं काय झालं. सगळे माणसांशी बोलले. वेचणाऱ्या बायकांना कोणी विचारलं नाही. मी त्यांना शब्द दिला आहे, पुस्तकात तुमचं नाव येईल म्हणून. त्यावरच त्या बोलल्या."

"येईल," मी म्हटलं. "नावं कुठे लिहिलेली आहेत?"

"संमतीपत्रांवर. ती घरी पेटीत आहेत. घराला कुलूप. वेचणी सुरू आहे, सगळे शेतात."

"आणि ही वही?"

तिच्या पिशवीतून डोकावणारी वही मी काढली. मुलाखतींची कच्ची वही. त्यात एकतीस नोंदी होत्या, शिवाय कोणाचं कोणतं वाक्य प्रबंधाच्या कितव्या पानावर आहे तेही. माझा जीव भांड्यात पडला. मग मी नावं वाचली. रमेशेर याडी. विलासेर याडी. पिंटूर याडी.

"याडी म्हणजे आई," शोभा म्हणाली. "तांड्यावर बाईला तिच्या नावाने कोणी हाक मारत नाही. लेकराच्या नावाने मारतात. मीही सवयीने तसंच लिहिलं."

"खरी नावं तुला आठवतात?"

"दहा-बाराजणींची."

"फोन कोणाकडे आहे?"

"याडीकडे. म्हणजे माझ्या. ती याच बायकांच्या टोळीत वेचते."

शेतात एक वाजता जेवायची सुट्टी होते. आम्ही एक वाजेपर्यंत थांबलो. मी तोवर कोऱ्या नोंदी तयार केल्या, यादीतल्या जुन्या नऊ पुसल्या. सर जायला उठले होते, मग बसले. म्हणाले, "पाहू तं खरं."

फोन लागला. शोभाने स्पीकर सुरू केला आणि तो 'शांतता राखा' या पाटीखाली टेबलावर ठेवला. पलीकडून वारा, भाकरीचे डबे उघडल्याचा आवाज आणि तिची आई.

"काहून वं, झालं का तुह्यं पुस्तक?"

शोभाने तिच्या बोलीत सगळं सांगितलं.  पलीकडे हसण्याचा एवढा गलका झाला की वाचनकक्षातली दोन पोरं उठून दाराशी आली.

"काय म्हणतात?" सरांनी विचारलं.

"म्हणतात, आम्हा अकराजणींची एक बाई केली, तर वेचणीही एकीनेच करावी काय?"

मग फोन हातोहात फिरला. प्रत्येकीने आधी याडी म्हणून सांगायचं, मग नाव. मी टाइप करत होते. काहीजणी नाव सांगताना अडखळायच्या. एकीने तर शेजारणीला विचारलं, "मतदान कार्डावर काय हाये माह्यं?" शेजारणीला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं एका ओळीत वेचत होत्या. शेवटी तिलाच आठवलं. जमनी.

तीन शांता निघाल्या. सर पुढे सरकले.

"नवऱ्याचं नाव सांगा म्हणा. म्हणजे वेगळ्या होतील."

 पलीकडे परत हसणं.

"सर, त्या नवऱ्याचं नाव घेणार नाहीत," शोभा म्हणाली.

"हो, ते बी हाये," सर म्हणाले आणि मागे सरकले.

दोन बायका त्या दिवशी आल्या नव्हत्या. एकीचं नाव मिळालं. दुसरी म्हातारी, घरीच होती. तिचं नाव तिच्या सुनेशिवाय कोणाला माहीत नव्हतं. सून समोरच होती, पण सासूचं नाव तोंडाने कसं घेणार. शोभाने समजावलं, आईने दटावलं. सून ऐकेना. तीस नावं झाली होती, एकतिसावं हातभर लांब होतं आणि मुदत परवा संपत होती.

सूनच म्हणाली, "मी बोलत नाई. पण लिहून देतो."

ती सातवी शिकलेली होती. फोन कट झाला. आम्ही तिघं टेबलावरच्या मोबाइलकडे बघत बसलो. पाच मिनिटांनी तो थरथरला. इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता. गोमली.

"शिकल्याचा फायदा," सर म्हणाले.

आता तीन शांतांचा प्रश्न राहिला. मी त्यांच्यापुढे जे तांडा म्हणतो तेच लिहिलं. शांताबाई राठोड, 'रमेशेर याडी', कापूस वेचणारी, मुलाखत, २००८. मग ठरवलं, सगळ्यांनाच तसं करू. एका बाईला मूलबाळ नव्हतं. तिला सगळे 'लिंबाखालची' म्हणत. तेही लिहिलं.

सरांनी स्क्रीन वाचला. "मॅडम, नियमात हे बसत नाही. पूर्ण नावही नाही बसत, आन् हे टोपणनाव तं मुळीच नाही."

"सर, संदर्भ कशाला देतात?"

"वाचणाऱ्याला मूळ ठिकाणी जाता यावं म्हणून."

"मग उद्या परीक्षक महागावला उतरून तांड्यावर गेले आणि शांताबाई राठोड कुठे राहतात विचारलं तर?"

"कोणी सांगणार नाही," शोभा म्हणाली. "रमेशेर याडी विचारलं तर हाताला धरून नेतील."

"आणि नुसतं रमेशेर याडी लिहिलं तर?" सर म्हणाले.

"तर माझी आई मला घरात घेणार नाही. ती आत्ताच म्हणाली, पुस्तकात तरी माझं नाव घाल. लेकाचं नको, तुझं बी नको. सेवंता लिव्ह."

सरांनी थोडा वेळ पेन फिरवलं. मग निळं उघडलं. यादीच्या वर एक टीप घालायला सांगितली: मुलाखती देणाऱ्यांची पूर्ण नावं आणि गावातली ओळख का दिली आहे, दोन ओळींत. ती लिहिली. वहीवरून प्रत्येक वाक्याला त्याची बाई जोडायला आणखी दोन तास गेले. साडेचारला सही झाली. बाइंडरकडे पानं गेली. मी मुलाखतींचं एक पान मोठ्या टाइपात वेगळं छापून शोभाला दिलं. बहुतेकींना वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. एकतीस ओळी.

प्रबंध शुक्रवारी वेळेत गेला. पुढे तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्या टिपेवरच पंधरा मिनिटं प्रश्न विचारले, आणि शोभाने उत्तरं दिली. पदवी मिळाली. सॉफ्टवेअर मी सोडलं नाही, कंस आणि स्वल्पविराम ते माझ्यापेक्षा चांगले घालतं. फक्त दोन माणसं एकच आहेत का, हे त्याने विचारलं तर उत्तर त्या माणसांना विचारून द्यायचं, एवढं शिकले.

पण हे सगळं पुढचं. सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी नऊलाच ग्रंथालय उघडलं. डेमोला एक तास होता. शोभाच्या आधी मी याच सॉफ्टवेअरने एक यादी करून दिली होती, राज्यशास्त्राच्या सरांची, आदिवासी ग्रामसभांवरची. ती काढली, मोजली आणि त्यांना फोन लावला.

"सर, बनसोड बोलते, लायब्ररीतून. तुमच्या यादीतले सहा आत्राम मी एक केलेत. तुमची मूळ वही घेऊन या. आणि हो, डेमोला आलात तर पुढच्या रांगेत बसा. उदाहरण तुमचंच घेणार आहे."