उजवी की डावी

आज सकाळी गाडी धुताना काचेला एक ओली पाकळी चिकटून राहिली आणि मला सुर्ला गावातले देऊळ आठवले. तेव्हा विद्यापीठातल्या सामाजिक उद्योजकतेच्या अभ्यासक्रमासाठी मला एक कनिष्ठ सल्लागार नेमायचा होता. सोमवारपर्यंत कोणी मिळाले नाही तर अभ्यासक्रम बंद, असे वरून स्पष्ट सांगितले होते. तिघांनी नोकरी कायमची नाही म्हणून पाठ फिरवली. चौथी मुलगी सुर्ल्याची. गावच्या खाणी बंद पडल्यापासून तिच्या वडिलांचा खनिज वाहणारा ट्रक अंगणात गंजत होता, आणि ट्रकवाल्यांच्या बायकांबरोबर विद्यार्थ्यांनी कोणते उद्योग उभारावेत, याची यादीच ती मुलाखतीला घेऊन आली होती. मला तीच हवी होती. पण तिच्या सरकारी नोकरीच्या बोलावण्याकडे डोळे लावून बसलेले वडील म्हणाले, "सरकारी कॉल येवपाचो आसा. ही नोकरी धरची काय ना, तें देवाक विचारूंया." शनिवारी मीही त्यांच्याबरोबर देवळात जाऊन उभी राहिले. पुजाऱ्याने मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. धुपाने डोळे चुरचुरत होते. आयुष्यात कधी नवस न बोललेली मी मनात घोकत होते, "पड गे बाई, उजवी पड." डावी पडली. "देवान ना म्हटलें, बाय," वडील सुटल्यासारखे म्हणाले. मुलगी माझ्याकडे न बघता पुटपुटली, "म्हाका येवंक जाय आशिल्लें, मॅडम." तिला यायचे होते. सोमवारी अभ्यासक्रम बंद झाल्याचे वर्गात मीच सांगितले. आज काचेवरची पाकळी कधी पडते, याची मी वाट पाहिली नाही. फडक्याने पुसून टाकली.