फोनला आधी विचारलं

जूनमधला सोमवार, देवासचं आमचं ऑफिस. हजर: मी, कोड लिहिणारी माझी भाची आणि फोनवर गंधवानीच्या नर्सबाई. त्यांच्या फोनवर आमचं लसीकरणाचं पान उघडत नव्हतं. मागे बाळं रडताना ऐकू येत होती. जुन्या फोनांना कळावा म्हणून आम्ही सगळा कोड जुन्या वळणात उतरवून सगळ्यांनाच पाठवायचो. तो फुगायचा आणि तिथल्या कमकुवत नेटवर्कमध्ये अडकायचा. भाची म्हणाली, "मावशी, फोनलाच विचारू ना, तुला नवं कळतं का? कळत असेल तर जसाच्या तसा पाठवू." तिनं चार ओळी लिहिल्या. पलीकडून नर्सबाई ओरडल्या, "दीदी, खुल गया! एकदम!" मी त्या ओळी वहीत उतरवून घेतल्या. केवढा भार, आणि एका प्रश्नानं उतरला! वहीतलं ते पान आजही पाहते. उदयनगरच्या दवाखान्यातला जुना फोन "नाही कळत" म्हणाला तर त्याला जुन्या वळणातली प्रत पोचते का, हे तपासणं मात्र राहिलंय.