आत्याने आमच्यावर केलेला दावा

आजोबांचं तेरावं झालं आणि वकिलांनी मृत्युपत्र वाचलं. पावसची आंब्याची बाग माझ्या वडिलांना आणि मुंबईच्या काकांना अर्धी अर्धी. आत्याला, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीला, दरवर्षी दोन लुगडी.

आत्या लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन माहेरी आली होती आणि तेव्हापासून बाग तिनेच राखली होती. कुठल्या कलमाला मोहोर उशिरा येतो, कुठल्याचं फळ आधी गळतं, सगळं तिला पाठ. वडील रत्नागिरीत मास्तर, काका मुंबईत नोकरीला. दोघं बागेत जायचे ते आंबे खायला.

महिन्याभराने आमच्या घरी कोर्टाची नोटीस आली. आजोबांना मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नव्हतं, काकांनी मुंबईहून लिहून आणलेल्या कागदावर, तो वाचून न दाखवताच, त्यांची सही घेतली, असं आत्याचं म्हणणं होतं.

तारखेच्या दिवशी मात्र ती सकाळच्या एसटीने यायची ती थेट आमच्याकडेच. आई तिला पोहे द्यायची, मग ती आणि वडील एकाच रिक्षाने कोर्टात जायची. पुढची तारीख पडली की येताना दोघं मासळी घेऊन यायची. बांगड्याच्या तिखल्यात चिंच घालावी की कोकम, यावरून मात्र त्यांचं खरंखुरं भांडण व्हायचं.

मी तेव्हा कॉलेजात होते. वडिलांची साक्ष होती त्या दिवशी तास बुडवून कोर्टात जाऊन बसले. काकाही आले होते. आत्याच्या वकिलांनी विचारलं, सहीच्या आधी कागद वाचून दाखवला होता का? वडिलांनी काकांकडे पाहिलं, मग खाली.

"नाही. मी तिथेच होतो."

मग आजवर गप्प का राहिलात, असं काकांच्या वकिलांनी विचारलं.

"कोणी विचारलं नाही," वडील म्हणाले. "आणि माझी हिंमतही झाली नाही."

काका थेट स्टँडवर निघून गेले. बाहेर व्हरांड्यात आत्याने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. "केवढा वेळ लावलास रे," एवढंच म्हणाली. वडिलांनी चष्मा काढून पुसला.

पुढे तडजोड झाली. बागेचे तीन वाटे पडले. काकांनी विहिरीकडचा भाग मागून घेतला, आत्याने जुनी कलमं घेतली. काका दोन वर्षं रुसले. तिसऱ्या मे महिन्यात पोरांना घेऊन आत्याच्याच दारात उभे राहिले, आणि तिने त्यांना आत घेतलं.

वडिलांनी आपला वाटा आत्यालाच सांभाळायला दिला. तिने अट घातली, रविवारी येऊन राबायचं. पंचेचाळिसाव्या वर्षी ते कलम बांधायला शिकले. त्यांची पहिली सात कलमं मेली. आठवं जगलं, तेव्हा ते आम्हा सगळ्यांना एसटीत घालून दाखवायला घेऊन गेले.